बँड आणि वैमानिक प्रशिक्षण एकत्र कसे सांभाळावे: कोल्हापुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी नियोजन

कोल्हापुरात महाविद्यालयात शिकता शिकता बँडमध्ये वाजवणे नवे नाही. गॅदरिंग, विद्यापीठाचा युवा महोत्सव, गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराई मिळून चांगल्या वादकाला वर्षभर काही ना काही काम मिळत राहते. त्याच वयात वैमानिक होण्याची तयारी सुरू करायची असेल, तर बहुतेक विद्यार्थी आधी आठवड्याच्या तासांचा हिशेब मांडतात: महाविद्यालयाला इतके, विमानाला इतके, बँडला इतके. हा हिशेब कागदावर जमतो आणि पहिल्याच महिन्यात मोडतो, कारण प्रशिक्षणाचे विमान सकाळी लवकर उडते, बँड रात्री वाजतो आणि या दोहोंच्या मध्ये जी झोप असते तिच्यावर दोघेही हक्क सांगतात. त्यामुळे तासांची वाटणी करण्याआधी कोणते महिने कोणाचे आणि कोणती रात्र कोणाची, हे ठरवावे लागते. पुढील सर्व सूचना या दोन निर्णयांभोवती आहेत.

परवान्यासाठी काय लागते

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांप्रमाणे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना वयाच्या १६ व्या वर्षापासून, खासगी वैमानिकाचा १७ व्या आणि व्यावसायिक वैमानिकाचा १८ व्या वर्षापासून मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी पदवी लागत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असण्याची अट मात्र ठरलेली आहे. वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी झालेले अनेक जण हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत वेगळे उत्तीर्ण होतात. अर्ज करण्यापूर्वी डीजीसीएच्या संकेतस्थळावरील चालू नियम एकदा स्वतः वाचून घ्यावेत. मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवलेले असले पाहिजेत, २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या, उड्डाणाचे असले पाहिजेत, आणि त्यात वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास असावा लागतो. याखेरीज १० तास केवळ उपकरणांच्या आधारे आणि ५ तास रात्रीचे उड्डाण, त्यात १० वेळा उड्डाण आणि १० वेळा अवतरण, अशी विभागणी असते. प्रमुख म्हणून केलेल्या १०० तासांतील १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले असावेत, हीही अट आहे. ज्याला बँडच्या हंगामासाठी प्रशिक्षण मध्येच थांबवायचे आहे, त्याने ही शेवटची अट विशेष ध्यानात ठेवावी. लेखी बाजूला एअर रेग्युलेशन्स, मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक असे विषय आहेत. प्रत्येकात ७० टक्के गुण लागतात, आणि रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, म्हणजे आरटीआरची, परीक्षा वेगळी द्यावी लागते.

या यादीचे दोन भाग पडतात. लेखी विषयांचा अभ्यास राजारामपुरीतल्या खोलीत बसून करता येतो. उड्डाण तसे करता येत नाही. उजळाईवाडीला विमानतळ १९३९ पासून आहे, तरी प्रशिक्षणासाठी कोल्हापूरचा विद्यार्थी बहुधा बेळगाव किंवा बारामती गाठतो. बेळगाव महामार्गाने सुमारे ११० किलोमीटर आहे, आणि हे अंतर फसवे आहे. रोज जाऊन येण्याइतके ते जवळ नाही, पण शनिवार-रविवारी जाऊन उडवून येऊ असे वाटण्याइतके जवळ नक्कीच आहे.

माझे स्पष्ट मत असे की शनिवार-रविवारच्या उड्डाणाचा विचार सोडून द्यावा. सुरुवातीच्या काळात विमान उतरवण्याचे कौशल्य हाताला आणि नजरेला लागायचे असते आणि ते सलग दिवसांत लागते. आठवडाभराच्या खंडानंतर गेलात की पहिला बराच वेळ मागच्या वेळी जमलेले परत जमवण्यात जातो. तासाचा दर पाच आकडी असताना तोच धडा दोनदा विकत घेण्यात अर्थ नाही. शिवाय त्या दिवशी ढग खाली असले, विमान पन्नास किंवा शंभर तासांच्या तपासणीला गेलेले असले किंवा प्रशिक्षकाकडे दुसरे विद्यार्थी असले, तर दोन्ही दिवस नुसते वाट पाहण्यात जातात. संगीताचे याच्या उलट आहे. बसलेल्या गाण्याला तीन आठवड्यांचा खंड पडला, तरी एका तालमीत ते पुन्हा उभे राहते.

त्यामुळे मांडणी साधारण अशी ठेवावी. महाविद्यालयाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत वैद्यकीय तपासणी, लेखी विषय आणि बँड या तीन गोष्टी कोल्हापुरात राहून कराव्यात. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर उड्डाणासाठी सलग महिने काढून प्रशिक्षणाच्या गावीच राहावे. नियमित महाविद्यालयात ७५ टक्के उपस्थितीची अट असल्यामुळे त्या काळासाठी प्राचार्यांशी आधी बोलावे, शेवटच्या वर्षानंतरचा काळ निवडावा, किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून पदवी पूर्ण करण्याचा पर्याय पाहावा. उड्डाण आणि नियमित वर्ग दोन्ही एकाच सत्रात पूर्ण ताकदीने चालवण्याचा आग्रह बहुतेक वेळा पालकांचा असतो. त्यांच्यासमोर वर दिलेल्या तासांची विभागणी ठेवावी, म्हणजे चर्चा भावनेवरून कामावर येते.

वर्षाचे महिने कसे वाटावेत

आपल्या भागातील हवामान या वाटणीला थोडी मदत करते. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम घाटालगत ढग खाली असतात, दृश्यमानता कमी असते आणि लहान विमानांचे कितीतरी दिवस वाया जातात. डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणाला साधारण पाच किलोमीटरची दृश्यमानता आणि ढगांपासून ठरावीक अंतर लागते, आणि आषाढ-श्रावणात ते बेळगावला रोज मिळेल याची खात्री नसते. रस्त्याचाही भरवसा नसतो. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आल्याने वाहतूक बंद पडली होती. म्हणून पावसाळा हा कोल्हापुरात राहण्याचा, मेटिऑरॉलॉजी आणि नेव्हिगेशन संपवण्याचा आणि बँडसाठी नवी गाणी बसवण्याचा काळ समजावा. मान्सूनचे ढग खिडकीतून दिसत असताना ढगांचे प्रकार शिकणे सोपेही जाते. गणेशोत्सवाचे कार्यक्रम याच काळाच्या शेवटी येतात, त्यामुळे ते घेण्यास हरकत नसते.

खरी ओढाताण पावसाळ्यानंतर सुरू होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ही उड्डाणाची उत्तम हवा, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई व पाठोपाठ महाविद्यालयांची गॅदरिंग याच महिन्यांत येतात. सत्र परीक्षाही मध्ये असतात. ज्या वर्षी तुम्ही उड्डाणाला बसणार आहात, त्या वर्षीचा हिवाळा पूर्णपणे विमानाला द्यावा आणि बँडला तसे पावसाळ्यातच सांगावे. मार्च ते मे या काळातही उड्डाण चालते, पण दुपारी जमीन तापल्यावर वर जाणाऱ्या हवेच्या झोतांमुळे लहान विमान फार हलते. बेळगावचे सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याने उन्हाळ्यात हवा विरळ होऊन इंजिन आणि पंख दोघांचीही कामगिरी उतरते. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळची वेळ मौल्यवान होते, आणि सकाळ मौल्यवान झाली की आदल्या रात्रीचा प्रश्न येतोच.

आदली रात्र

कार्यक्रम दहाला संपला म्हणजे वादक दहाला मोकळा झाला असे होत नाही. वायरी गुंडाळायच्या, ॲम्प आणि ऑक्टोपॅड टेम्पोत चढवायचे, यजमानाकडून उरलेले पैसे घ्यायचे, कुठेतरी जेवायचे, यात एक वाजतो. त्यानंतरही डोक्यात गाणी चालू असतात आणि झोप लगेच येत नाही. सकाळी सहाला विमानाची तपासणी करायची असेल, तर अशा रात्रीनंतर जेमतेम तीन तासांची झोप हाती येते.

यावर एकच नियम ठेवावा आणि त्याला अपवाद करू नये: ज्या दिवशी सकाळी उड्डाण आहे, त्याच्या आदल्या रात्री कार्यक्रम नाही, तालीमही नाही. कार्यक्रमानंतरचा दिवस उड्डाणाशिवाय ठेवावा आणि त्या दिवशी लेखी अभ्यास किंवा महाविद्यालय करावे. जो विद्यार्थी रात्रीचा कार्यक्रम करून पहाटे मोटारसायकलवरून बेळगावला निघतो, त्याला विमानापेक्षा महामार्गाचाच धोका अधिक असतो. प्रशिक्षणाच्या काळात कोल्हापूरहून ये-जा न करता तिकडेच खोली घेऊन राहण्याचे हेही एक कारण आहे.

येथे कायदाही तुमच्या उपयोगी पडतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागेत ध्वनिवर्धक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा बारापर्यंत शिथिल करू शकते, आणि ते दिवस बहुधा सणांचे असतात. सुपारी घेताना कार्यक्रम खुल्या जागेत आहे की शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहात, शिथिलतेच्या दिवशी आहे की नाही, हे विचारले की तो खरोखर किती वाजता संपणार याचा अंदाज येतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक कोल्हापुरात रात्रभर चालते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उड्डाण ठेवण्याचा विचारही करू नये.

मद्याबाबत नियम कडक आहेत. उड्डाणाच्या आधीच्या १२ तासांत मद्य चालत नाही आणि श्वासचाचणीत अंश शून्यच यावा लागतो. प्रशिक्षणार्थीही या तपासणीतून सुटत नाहीत. सकाळी सहाच्या उड्डाणासाठी १२ तास म्हणजे आदल्या संध्याकाळचे सहा, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याच्याही आधीची वेळ. बँडमधल्या मित्रांना हे एकदाच समजावून सांगावे, म्हणजे दर वेळी आग्रहाला तोंड द्यावे लागत नाही. गायकांनी आणखी एक गोष्ट पाहावी: गुळण्या करण्याची काही द्रव्ये, खोकल्याची काही औषधे आणि होमिओपॅथीचे काही अर्क यांत मद्यार्क असतो, आणि मद्यार्क असलेल्या अशा पदार्थांनाही मनाई आहे. घसा बसल्यावर किंवा सर्दी झाल्यावर घेतल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. रंगमंचावर ते खपून जाते, विमानात खपत नाही. तसेही सर्दीने कान बंद असताना उडू नये, कारण खाली येताना कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होत नाही आणि तीव्र वेदना होतात. कोणतेही औषध घेण्याआधी वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

कानांची काळजी

वादकाकडून या विषयाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रथम द्वितीय श्रेणीची आणि नंतर प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करावी लागते. व्यावसायिक परवान्याला प्रथम श्रेणीच लागते आणि तरुण वयात ती दर वर्षी नवी करावी लागते. तीत श्रवणचाचणी असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा अधिक श्रवणहानी चालत नाही. मोठ्या आवाजाने होणारी हानी मात्र बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास, सुरू होते. म्हणजे तपासणीत उत्तीर्ण झालात तरी आलेखात त्या ठिकाणी खळगा पडायला लागलेला असू शकतो. तो आलेख मागून घ्यावा, जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षीच्या आलेखाशी ताडून पाहावा.

आवाज किती वेळ चालतो याचाही हिशेब आहे. व्यावसायिक आरोग्याच्या एका सर्वमान्य मोजमापानुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. बंद खोलीत ड्रमसेट आणि दोन ॲम्प एकत्र वाजले की १०० चा आकडा सहज गाठला जातो, आणि ढोल-ताशा पथकात तर कान त्याहून वरच्या आवाजाला सामोरे जातात. त्यात प्रशिक्षण विमानाच्या कॉकपिटमध्येही इंजिनाचा आवाज कमी नसतो. सकाळी विमान आणि संध्याकाळी तालीम असा दिवस कानांसाठी एकच लांब पाळी ठरतो.

उपाय कठीण नाहीत. वादकांसाठी मिळणारे इअरप्लग वापरावेत. ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण सारखा कमी करतात, त्यामुळे सूर बिघडल्यासारखा वाटत नाही. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. तालमीची खोली लहान असेल तर ड्रमसेटऐवजी ऑक्टोपॅड हेडफोनवर घ्यावा. विमानासाठी कानावर नीट बसणारा हेडसेट स्वतःचा घ्यावा. बँडच्या पहिल्या कमाईचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. श्रवणचाचणीच्या आधी किमान १६ तास, शक्य असल्यास दोन दिवस, मोठ्या आवाजापासून दूर राहावे, नाहीतर कानांचा तात्पुरता बधिरपणा कायमच्या हानीसारखा नोंदला जाऊ शकतो. गणेशोत्सवानंतरच्या आठवड्यात तपासणीची तारीख घेऊच नये.

वादकाला कानांचा फायदाही होतो, हे सांगितले पाहिजे. नियंत्रण कक्षाकडून एका दमात येणारी सूचना ऐकून ती तशीच परत म्हणायची असते, आणि ज्याला एकदा ऐकलेली ओळ उचलण्याची सवय आहे त्याला हे लवकर जमते. तसेच तपासणी यादीचा आणि अवतरणाच्या क्रमाचा सराव खुर्चीत बसून, हात प्रत्यक्ष हलवून, तोंडाने म्हणत करता येतो. तबल्याचा विद्यार्थी मांडीवर बोल वाजवत बसतो तसाच हा सराव आहे, आणि त्याला इंधन लागत नाही.

बँडशी काय ठरवावे

बँडला तुमच्या उड्डाणाचे वेळापत्रक आठवड्याला बदलते याचा त्रास होतो, तुमच्या नसण्याचा तितका होत नाही. म्हणून महिनावार सांगावे: या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत मी मंचावर नाही. बदली वादक आधी शोधून त्याला गाण्यांच्या पट्ट्या, कॉर्ड आणि थांबे लिहून द्यावेत, आणि त्याने वाजवलेल्या कार्यक्रमाचा मोबदला पूर्ण त्यालाच जावा. कीबोर्ड, बास किंवा तालवाद्याला बदली मिळते; मुख्य गायकाला मिळणे अवघड, त्यामुळे तुम्ही गायक असाल तर दुसरा आवाज वर्षभर आधीपासून तयार करावा. नव्या सुपाऱ्या घेण्याचे आणि इसार स्वीकारण्याचे काम त्या काळात दुसऱ्याकडे द्यावे. ज्याने पैसे घेतले त्याने यायचेच, असा यजमानांचा सरळ हिशेब असतो, आणि तो चुकीचा नाही.

प्रशिक्षणाच्या गावी असताना संगीत पूर्ण सोडण्याची गरज नाही. ॲम्पशिवाय गिटार, रबरी पॅड किंवा हेडफोनवरचा कीबोर्ड वसतिगृहात चालतो, आणि विमानाची वाट पाहण्यात जाणारे तास त्यासाठी पुष्कळ असतात. एक साधा ऑडिओ इंटरफेस असला, तर ठरलेल्या लयीच्या क्लिकवर आपला भाग ध्वनिमुद्रित करून कोल्हापूरला पाठवता येतो. मंचावरचा हंगाम बुडाला तरी बँडची दोन-तीन गाणी त्या महिन्यांत तयार होऊ शकतात.

पैशांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. व्यावसायिक परवान्याचा एकूण खर्च लाखांच्या दोन आकड्यांत जातो आणि महाविद्यालयीन बँडची कमाई त्याच्या जवळपासही जात नाही. परीक्षा शुल्क, वैद्यकीय तपासणी, पुस्तके आणि हेडसेट एवढे तिच्यातून निघू शकते. उड्डाणाचे पैसे कमी पडतात म्हणून जास्त सुपाऱ्या घेणे हा मार्ग धरू नये, कारण त्यात गेलेल्या झोपेची किंमत उड्डाणाच्या तासांतच मोजावी लागते.

काही टप्प्यांवर मात्र बँडला पूर्ण सुट्टी द्यावी: पहिल्या एकट्याने करायच्या उड्डाणापर्यंतचे सर्व आठवडे, ३०० सागरी मैलांच्या प्रवासाआधीचा आठवडा, रात्रीच्या उड्डाणाचे दिवस आणि परवान्याच्या प्रात्यक्षिक चाचणीचा पूर्ण पंधरवडा. चाचणीची तारीख हवामानामुळे किंवा परीक्षकांच्या सोयीमुळे पुढे सरकते, म्हणून तिच्या लगेच पुढचा शनिवारही कोणाला देऊ नये. चुकून कार्यक्रम घेतला गेलाच आणि तारीख सरकून त्यावर आली, तर त्याच दिवशी यजमानाला फोन करावा, इसार परत करण्याची किंवा बदली वादक देण्याची तयारी दाखवावी, आणि प्रशिक्षक सरांना कार्यक्रमाबद्दल काही न लपवता सांगावे. झोप झाली नसेल तर उड्डाण रद्द करण्याचा अधिकार विद्यार्थ्यालाही असतो. तो वापरला म्हणून चांगला प्रशिक्षक रागावत नाही. कारण मात्र त्याला खरे सांगावे, म्हणजे पुढच्या उड्डाणाची वेळ त्याला नीट ठरवता येते.